लुलुआच्या कपाळावरची तीट

वर्ल्डकप यायला अजून नऊ महिने होते, पण धोंडीरामच्या सुट्टीच्या मुळावर तो आधीच उठला होता. धोंडीराम खलीलचा ड्रायव्हर. खलीलचे कतारमध्ये, दोह्यात चाळीस ट्रक, आणि उत्तरेला अल रुवैसजवळ गोठा. देशभर कुठे रस्ता, कुठे हॉटेल, कुठे वाळूवर हिरवळ असं काम चाललं होतं आणि सगळ्यांना ट्रक हवे होते. खलीलनं ड्रायव्हरांना एका रांगेत उभं करून सांगून टाकलं, "वर्ल्डकप के बाद छुट्टी. अभी छुट्टी खलास." ज्या चेंडूला धोंडीरामनं जन्मात कधी लाथ मारली नव्हती, तो चेंडू त्याला घरी जाऊ देत नव्हता.

इकडे आटपाडीजवळच्या गावात त्याच्या बबीताला मुलगी झाली होती आणि बारसं आजोबासाठी खोळंबलं होतं. बबीताच्या स्वतःच्या बारशाला तो सौदीत होता. तिच्या लग्नाला लॉकडाऊन आडवं आलं. लग्न त्यानं फोनवर पाहिलं, आणि नेमकी मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा रेंज गेली. आता नातीचा पाळणाही फोनवरूनच हलवायचा? तो पुन्हा खलीलसमोर जाऊन उभा राहिला.

खलीलचा जीव तेव्हा लुलुआत अडकला होता. लुलुआ म्हणजे मोती. ही त्याची लाडकी गाय, अंगानं काळी कुळकुळीत आणि कपाळावर भाकरीएवढा पांढराशुभ्र चांद. सीमेपलीकडे सौदीत जनावरांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, तिथं तिला न्यायचं होतं, आणि धोंडीरामशिवाय ती कुणाच्या ट्रेलरमध्ये पाय ठेवत नव्हती.

"लुलुआ का इनाम लाओ," खलील म्हणाला, "फिर पंधरा दिन छुट्टी. वल्ला!"

अरबाबनं, म्हणजे मालकानं, वल्ला म्हटलं की ती शपथच. धोंडीराम त्या दिवसापासून गाईच्या सेवेला असा लागला की गावाकडं त्याच्या बायकोनं, पारूबाईनं, पाहिलं असतं तर रडली असती.

पाहिलंच तिनं, व्हिडिओ कॉलवर. निघायच्या दिवशी लुलुआला शाम्पूनं न्हाऊ घातलं, ड्रायरनं वाळवलं, खुरांना तेल लावलं, शेपटीचा गोंडा विंचरला. स्वतःच्या लग्नातही धोंडीराम इतका स्वच्छ झाला नव्हता.

"आगं बया, काय देखणी हाय!" पारूबाई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आवो, तीट लावली का न्हाई?"

"आगं, गाय हाय ती."

"म्हून काय झालं? हजार मान्सं बघनार. दिष्ट लागून तिथंच बसली मंजे? मग या तुमी वर्ल्डकप झाल्यावं."

हे मात्र खरं होतं. आता काजळ कुठून आणायचं? धोंडीरामनं तव्याची काजळी लावून पाहिली, ती लुलुआनं खांबाला घासून टाकली. शेवटी कानातल्या बिल्ल्यांवर नंबर लिहायचा मार्कर सापडला. काळ्या अंगावर काळी तीट लावून उपयोग काय, दृष्टीला ती दिसली तर पाहिजे, असा विचार करून त्यानं पांढऱ्या चांदाच्या बरोबर मधोमध रुपयाएवढा ठिपका काढला. ठिपका झकास उठला. गोठ्यातला तो मार्कर उन्हापावसातही पुसला जाऊ नये म्हणूनच बनवलेला होता, हे त्याला माहीत होतं, पण तेव्हा आठवलं नाही.

अल गराफापाशी रस्त्याच्या कामामुळे त्याला तीनदा वळसा घालावा लागला. प्रत्येक वळणावर किती दिवस उरले ते सांगणाऱ्या वर्ल्डकपच्या पाट्या होत्या. तो दर पाटीला एक शिवी देत अबू समराच्या सीमेवर पोचला.

तिथला जनावरांचा डॉक्टर सुदानचा होता, उंच आणि शांत. त्यानं लुलुआभोवती फेरी मारली, कास पाहिली आणि खूश होऊन जीभ टाळ्याला लावून टकटक आवाज काढला. मग त्यानं गाईच्या ओळखीचा कागद उघडला. कागदावर गाईचं चित्र होतं, कपाळावर पांढरा चांद होता आणि चांदात काहीही नव्हतं. डॉक्टरनं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा गाईकडे. मग बोट ओलं करून ठिपका चोळला. ठिपका जागचा हलला नाही.

"ही ती गाय नाही," तो अरबीत म्हणाला.

धोंडीरामच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची अरबी 'डावीकडे', 'उजवीकडे' आणि 'चहा' यांच्यापलीकडे फारशी जात नव्हती. पण डोळ्याला ऐन म्हणतात, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं, मग गाईकडे, आणि कळवळून म्हणाला, "ऐन! ऐन खराब! बहुत खराब ऐन!"

"डोळे खराब?" डॉक्टर दचकला. त्यानं लगेच बॅटरी काढली. पुढचा अर्धा तास लुलुआच्या डोळ्यांची अशी तपासणी झाली, की तशी धोंडीरामच्या बापाच्या मोतीबिंदूचीही झाली नव्हती. पापण्या उलटल्या, थेंब घातले, समोर बोटं नाचवली. लुलुआनं थोडा वेळ सहन केलं आणि मग डॉक्टरच्या बुटांवर यथास्थित शेण टाकलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणत धोंडीराम कपाळ धरून बसला.

शेवटी डॉक्टरनं स्पीकरवर खलीललाच फोन लावला.

"तुमच्या गाईच्या कपाळावर काळा डाग आहे का?"

"डाग?" खलील गरजला. "माझ्या लुलुआला? एवढासुद्धा डाग नाही!"

झालं. मालकानंच गाय नाकारली.

"अरबाब, मैंने लगाया!" धोंडीराम फोनवर ओरडला. "काला टीका! नजर के लिए!"

"तू? मार्कर से?" खलील भडकला. "धोंडी, वापस आओ! इनाम खलास, छुट्टी खलास!"

धोंडीरामला रडूच फुटलं. चांगला मिशीवाला पन्नाशीचा गडी, गाईच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागला. नात पाळण्यात, आपण वाळूत, आणि एवढं सगळं कशापायी, तर आपणच काढलेल्या एका ठिपक्यापायी!

तेवढ्यात फोनमधून म्हातारा, खणखणीत आवाज आला. खलीलची आई रुकैया मुलाच्या हातातून फोन घेऊन विचारत होती, "नजर म्हणजे काय? कुणाची नजर?" खलीलनं चिडून अरबीत समजावलं. मग म्हातारीनं डॉक्टरला थेट सवाल टाकला, "डॉक्टर, गाय पाहिल्यावर तू माशाल्ला म्हणालास का?"

कौतुक करताना माशाल्ला म्हटलं नाही तर नजर लागते, असं तिकडे मानतात. डॉक्टरनं बुटांकडे पाहिलं.

"नाही, आई."

"मग भोग! हे ऐनसाठी आहे, बाबा. वाईट डोळ्यासाठी. माझ्या मुलाला अक्कल नाही, त्या ड्रायव्हरला आहे!"

डॉक्टरचा चेहरा उजळला. त्याच्या आईनं नजर लागू नये म्हणून त्याच्या गाडीत लटकवलेला निळा मणी बाहेर उभ्या गाडीत लोंबत होता. त्यानं घाईघाईनं तीनदा माशाल्ला म्हटलं, धोंडीरामकडून मार्कर मागून घेतला, कागदावरच्या गाईच्या कपाळावर मधोमध ठिपका काढला आणि त्यावर शिक्का मारला. "यल्ला," तो म्हणाला, "जा."

प्रदर्शनात लुलुआचा तिसरा नंबर आला. तिच्या वर्गात गाई चारच होत्या, हे खलीलला सांगायची धोंडीरामला गरज वाटली नाही. वल्ला म्हणताना कितवा नंबर ते ठरलं नव्हतं, आणि मधे ओरडला असला तरी खलील शपथेला पक्का निघाला. त्यानं तिकीट काढून दिलं.

निघायच्या सकाळी रुकैया काठी टेकत गोठ्यावर आली. तिनं धोंडीरामला वाकायला लावलं, मुठीतून तोच मार्कर काढला आणि त्याच्या उजव्या कानामागे एक ठिपका टेकवला. "असा ड्रायव्हर लोकांच्या डोळ्यांत येतो," ती म्हणाली. "नीट जा. नीट परत ये." धोंडीरामला बोलणं अर्धंच कळलं. पण तीट आपल्याच माणसाला लावतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

बारशाच्या दिवशी पारूबाई त्याची पाठ घासत होती. कानामागे आल्यावर तिचा हात थांबला. मग तिनं वज्री घेतली. मग पुन्हा थांबली.

"हे काळं कुनी लावलं?"

"अरबाबच्या आयनं."

"आय किती वर्साची?"

"ऐंशीच्या पुढं."

 पारूबाईनं वज्री बाजूला ठेवली, आत गेली आणि नातीची काजळाची डबी घेऊन आली.

"तिचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "डावा कान हिकडं करा. ह्यो माजा."