मुकुटी

सासऱ्यांच्या हातातला चिमटा थरथरला आणि मुकुटावर बसायचा लाल खडा जमिनीवर घरंगळत गेला. सुनेने तो टेबलाखालून शोधला, फुंकर मारून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

“तूच बसव. हात आता माझं ऐकत नाहीत. अगदी तुझ्या नवऱ्यावर गेलेत.”

ती हसली, पण तिची नजर दाराच्या कुलपाकडे गेली. नाटकवाल्यांचे मुकुट करणारी ही एवढीशी खोली. ‘माझे हात थांबले की कुलूप,’ असं सासरे कायम म्हणत, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवऱ्याला पत्र्याचा आवाजसुद्धा सोसत नसे. ती मात्र इथेच रमली होती. खिडकीजवळच्या उंच खुर्चीत सासरे आणि बुटक्या बाकड्यावर ती, हे कधी बदललं नव्हतं.

संध्याकाळी राजाचा मुकुट पुरा झाला.

“आता एक मुकुटी कर,” सासरे म्हणाले.

मुकुटी म्हणजे लहान मुकुट, पण वाटेल तो नव्हे. राजपुत्राच्या मुकुटाला कुणी मुकुटी म्हटलं तर सासरे कात्री खाली ठेवून चिडत. राजा जिवंतपणीच गादी दुसऱ्याला देतो आणि मोठा मुकुट उतरवून जो हलकासा घालतो, तीच मुकुटी.

“पण बाबा, या नाटकवाल्यांचा राजा मरेपर्यंत गादी सोडत नाही. मुकुटी मागितलेलीच नाही.”

“मी मागतोय ना!”

म्हणजे आठवणीला एक ठेवणार आणि कुलूप लावणार, तिला वाटलं. तरी तिने ती जीव ओतून केली. कात्री धरायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि पत्रा वाया गेला म्हणून एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं. त्यांचे उपकार फिटणारे नव्हते.

सकाळी ती आली, तेव्हा सासरे तिच्या बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन खडे निवडत बसले होते. डोक्यावर मुकुटी होती, जरा तिरकी. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. खुर्चीचे चारही पाय कापून सुनेच्या उंचीजोगे केले होते.

ती भीतभीत टेकली. खुर्ची डुगडुगली.

“हात थरथरतात म्हटलं ना,” सासरे म्हणाले. “पुठ्ठा लाव खाली.”

तिचे डोळे भरून आले. ती उठली, त्यांची मुकुटी नीट केली आणि पुन्हा खुर्चीत बसली.

“बाबा,” तिने हात पुढे केला, “लाल खडा द्या.”