परवा नक्की

"बाई, तुमचा कोट अजून झाला नाही," हे म्हणाले. मी खाली बसून ह्यांच्या पायांत चपला सरकवत होते.

"असू दे, मास्तर. आधी आपण जरा बाहेर जाऊन येऊ."

जन्मभर ह्यांना 'अहो' म्हटलं. आता 'अहो' म्हटलं की हे मागे वळून बघतात, आणखी कुणाला हाक मारली म्हणून. बायको म्हणून जेवायला वाढलं तर ताट भिरकावतात, गिऱ्हाईक म्हणून विनवलं की निमूट जेवतात. सगळा जन्म शिंपीकामात गेला. बाकी सगळं पुसलं तरी गिऱ्हाइकाची मर्जी राखणं तेवढं उरलंय. म्हणून मी माझ्याच घरात गिऱ्हाईक झाले. आधी आधी मला हसू यायचं.

थापही ह्यांची ठरलेली असायची. "परवा या, नक्की." परवा म्हणजे होऊन गेलेला की येणारा, असं लोक चिडवायचे. एका नवरदेवाला तर ह्यांनी लग्नाचा कोट लग्न उरकल्यावर दिला होता.

गेल्या महिन्यात मला चोर समजून ह्यांनी ढकललं आणि माझं मनगट मोडलं. लेकीकडे जावं, तर तिची सासू ह्यांच्यासारख्याच विसरण्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय. अशा म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या सरकारी केंद्रात ह्यांचं नाव घालून वर्ष होत आलं होतं. काल तिथून फोन आला, खाट रिकामी झालीय, उद्या आणलं नाही तर पुढच्या माणसाला देऊ. रिकामी कशी झाली ते मी विचारलं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग त्या आनंदाची इतकी लाज वाटली की रात्री माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

केंद्रात खाटेला खाट लागलेली. एक आजोबा कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसवलेले. एक म्हातारी एकच टॉवेल घडी घालून मोडत होती. एवढ्या माणसांना नर्स एकटीच. पोरीचे डोळे झोपेविना सुजलेले. भेटायला महिन्यातून एकदाच सोडतो, रोजची रडारड आवरत नाही, असं तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. तिच्यावर तरी काय रागवायचं?

मग तिने ह्यांना विचारलं, "बाबा, ह्या कोण तुमच्या?"

"गिऱ्हाईक आहेत," हे म्हणाले. "फार चांगल्या बाई. कधी घाई करत नाहीत."

नर्सने मान खाली घातली. मला भडभडून आलं, पण गिऱ्हाइकाने रडून कसं चालेल?

हे खाटेवर बसले. चादरीची कड चिमटीत धरून बघू लागले. टाके सुटलेत म्हणाले. कुणी शिवलीय ही, असंही विचारलं. मी पिशवीतून ह्यांचा सदरा काढून उशाशी ठेवला.

"मास्तर, निघू मी?"

ह्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर तेच जुनं, दुकानातलं हसू.

"परवा या, बाई. नक्की."

इतकी वर्षं ही थाप दुसऱ्यांनी ऐकली. माझ्या वाट्याला आज पहिल्यांदा आली.

"बरं, मास्तर. परवा येते," मी म्हटलं.

दारातून वळून पाहिलं. हे वितीने चादर मोजत होते.