झाडाआधी दाढ

डॉक्टरबाईंच्या खुर्चीत बसलेल्या माणसापुढे एकच वाट असे. तोंड उघडं ठेवायचं आणि कविता ऐकायची. दुसरी वाट म्हणजे उठून पळणं. पण तोंडात कापूस, गळ्याला ॲप्रन आणि डोळ्यांवर दिवा असताना पळणार कोण आणि कुठे?

कविता सगळ्या झाडांवरच्या. तीही गेलेल्या झाडांवरच्या. दवाखाना पहिल्या मजल्यावर, आणि खालचा रस्ता एके काळी दोन्ही बाजूंनी झाडांनी भरलेला. कुठलं रुंदीकरणात गेलं, कुठलं तारांच्या आड येत होतं म्हणून गेलं, कुठलं नुसतंच वाळलं. झाड पडलं की डॉक्टरबाई दोन दिवस जेवायच्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी कविता तयार. मग ती कविता दाढा साफ करता करता म्हणायच्या:

काल इथे सावली होती,
आज उन्हाचा ढीग पडला;
वारा आपला सवयीने आला,
आणि मोकळ्यात धडपडला.

"आऽऽ," पेशंट म्हणायचा.

"आवडलं ना?" डॉक्टरबाई खूश व्हायच्या.

"ताई, त्यांना दुखतंय," बाहेरून आवाज यायचा. हा आवाज छोटीचा. छोटी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. साठी उलटली, चष्मा आला, गुडघे बोलायला लागले, तरी घरीदारी ती छोटीच. दोघी एकत्र राहायच्या, एकत्र दवाखाना चालवायच्या आणि दिवसभर एकमेकींशी भांडायच्या. छोटी बाहेरच्या टेबलावर बसून पेशंटांना वेळा द्यायची, फोन घ्यायची, आणि कवितेचं नाव काढलं की नाक मुरडायची. "लोक इथे दात काढायला येतात, ताई, डोळे गाळायला नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

आता रस्त्यावर एकच झाड उरलं होतं. दवाखान्याच्या खिडकीला टेकलेलं, पिवळ्या फुलांचं. वादळात त्याचं खोड उभं चिरलं, आत पाहिलं तर सगळं पोकळ. कुणाच्या डोक्यावर पडायच्या आत काढायचं ठरलं. यात रागवावं असं कुणी नव्हतंच, आणि त्यामुळे डॉक्टरबाईंना जास्तच राग येत होता. या वेळी त्यांनी झाड पडायची वाट न पाहता कविता आधीच लिहायला घेतली. सुरुवात झकास जमली. शेवट काही केल्या येईना.

ज्या सकाळी झाड काढायचं होतं, त्या सकाळी ट्रक आला. ट्रकवर लांब लोखंडी हात, हाताच्या टोकाला माणूस उभा राहील असा पाळणा, खाली दोरखंड, सगळा जामानिमा. रस्ता अडवला, बघे जमले. पण करवत काही सुरू होईना. थोड्या वेळाने जिन्यावर जड बूट वाजले आणि दारात एक आडदांड माणूस उभा राहिला. अंगावर पट्टे, कमरेला हूक, आणि डावा गाल एवढा सुजलेला की त्या बाजूचा डोळाच दिसेना.

"झाड कापायला आलोय," तो गाल धरून म्हणाला, "पण आधी हिचं काहीतरी करा. रात्रभर जीव घेतलाय हिने."

छोटीने त्याच्याकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाली, "ताई, गिऱ्हाईक आपण होऊन तावडीत सापडलंय."

डॉक्टरबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं. मनात क्षणभर आलंच की याला तोंड उघडं ठेवून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवावं. पण दाढ पाहिली आणि त्या डॉक्टरच उरल्या. दाढ पार किडलेली, वाचवण्यासारखं काही नव्हतं. सुई पाहिल्यावर तो एवढा थोरला माणूस डोळे मिटून पाय आखडून पडून राहिला. भूल चढेपर्यंत मोकळा वेळ होता, आणि मोकळा वेळ वाया घालवणं डॉक्टरबाईंना कधी जमलंच नाही. त्यांनी एकामागून एक सगळी गेलेली झाडं त्याला ऐकवली. मग चिमट्याने दाढ हलवून सैल केली, ओढली, आणि ताटलीत टाकली. टण्णकन आवाज झाला.

करवतवाल्याने कापसाचा बोळा दाताखाली धरला, ताटलीत डोकावून पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"लय वर्षं होती बरोबर," तो बधिर ओठांनी म्हणाला. "डॉक्टरबाई, एक विचारू? झाडांवर एवढं करता. हिच्यावर करा ना एखादी."

"दाढेवर?"

"ती पण मुळासकट गेली की."

बाहेर छोटी खुदकन हसली. डॉक्टरबाईंना आधी अपमान झाल्यासारखं वाटलं. पण तो माणूस थट्टा करत नव्हता. हात जोडून बसला होता, आणि हनुवटीवरून लाळ ओघळत होती ती त्याला कळतही नव्हती. मग त्यांना काय झालं कोण जाणे. त्यांनी ती दाढ चिमट्यात उचलून दिव्यासमोर धरली आणि न थांबता म्हणून टाकलं:

अगं दाढे, मागे राहून
आयुष्यभर राबलीस गं;
पुढच्यांनी फोटो काढून घेतले,
तू अंधारात चावलीस गं!
हाडं फोडली, बाटल्या उघडल्या,
कधी नाही कुरकुरलीस गं;
धन्याने ब्रश दाखवला नाही,
तरी इतकी टिकलीस गं!

करवतवाला हसायला गेला तर अर्धंच तोंड हललं, ते पाहून डॉक्टरबाई हसल्या, आणि छोटी दारात येऊन चौकटीला धरून अशी हसत सुटली की तिचा चष्मा खाली पडला. कवितेला छोटी हसली, म्हणजे कविता तिने ऐकली! हे आजवर घडलं नव्हतं.

"आता घरी जाऊन पडायचं," डोळे पुसत डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज वर चढायचं नाही आणि करवतीला हात लावायचा नाही."

"मग झाड?"

"दुसरा माणूस बोलवा."

"तो यायला दुपार होईल. पाळणा बसेल मोकळाच."

मोकळा पाळणा! डॉक्टरबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं, मग वर पाहिलं. या झाडाच्या खोडाची प्रत्येक गाठ त्यांना पाठ होती, पण शेंडा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. शेवट कसा सुचणार?

"मी जाते वर," त्या म्हणाल्या.

"वेड लागलंय का तुला?" छोटी किंचाळली. "या वयात? पडलीस तर?"

"तू नको येऊस."

"नको कशी येऊ? तू पडलीस तर मी घरी कुणाशी भांडू?"

करवतवाल्याने आपल्या हाताने दोघींच्या कमरेला पट्टे बांधले, हूक तीनतीनदा ओढून पाहिले. ड्रायव्हरने खालून दांडा ओढला आणि पाळणा हळूहळू वर निघाला. छोटीने डोळे घट्ट मिटून ताईचा दंड असा धरला की वळ उठावेत. दवाखान्याची खिडकी खाली गेली, गच्ची खाली गेली, आणि पानांचा पडदा सारून पाळणा एकदम उजेडात आला.

"डोळे उघड, छोटे!"

छोटीने एक डोळा उघडला. चहूबाजूंना पिवळी फुलंच फुलं, रस्त्यावरून कधी न दिसलेली. मधमाश्यांची नुसती धांदल. एका फांदीत कावळ्याचं रिकामं घरटं, त्यात कुणाचा तरी निळा मोजा विणलेला. त्याच्या वर कुठल्याशा पोराचा अडकलेला चेंडू. आत पोकळ असलेलं हे झाड वर असं मजेत होतं, जणू त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पदराखालून कवितेचा कागद काढला. वाऱ्याने तो हातातून उचलला आणि थेट समोरच्या गच्चीवर नेऊन टाकला.

"गेली!" त्या ओरडल्या. "सकाळपासून घोकतेय, आता एक ओळ आठवेल तर शपथ!"

"मला येते," छोटी म्हणाली.

"काय येते?"

"ही. आणि बाकीच्या पण. मधली भिंत केवढी आहे, ताई? मी काय बहिरी आहे?"

आणि छोटीने ताठ उभं राहून, हात उंचावून, भरल्या रस्त्यासमोर पहिल्यापासून सगळ्या कविता म्हणायला सुरुवात केली. ताईच्याच सुरात, ताईच्याच हेलात, आणि जिथे जिथे पेशंट कण्हायचे तिथे तिथे बरोब्बर "आऽऽ" घालून! दुसऱ्याच "आऽऽ"ला डॉक्टरबाईंच्या पोटात दुखायला लागलं. त्या कठड्यावर वाकून हसू लागल्या, पाळणा डुलू लागला, छोटी "मेले, मेले" म्हणत हसू लागली, आणि खालचे बघे पुढच्या कवितेला स्वतःहून "आऽऽ" म्हणू लागले. ड्रायव्हरने विचारलं, उतरवू का? दोघी एका आवाजात ओरडल्या, "थांबा हो!"

हसून दमल्यावर दोघी कठड्याला टेकल्या.

"ताई, आपलं किती राहिलं असेल गं?" छोटीने विचारलं.

"आ कर बघू. दाढा बघून सांगते."

छोटीने खरंच आ केला. डॉक्टरबाईंनी डोकावून पाहिलं. "अजून बरंच भांडशील," त्या म्हणाल्या, आणि तिच्या केसांत अडकलेलं फूल त्यांनी तसंच राहू दिलं.

दुपारी दुसरा माणूस आला आणि करवत सुरू झाली. पहिली फांदी खाली आली तेव्हा डॉक्टरबाई खिडकीत होत्या. हसून हसून सैल झालेल्या डोळ्यांतून पाणी यायला वेळ लागला नाही. छोटीने दुपारच्या पेशंटांना फोन करून उद्याच्या वेळा दिल्या आणि ताईच्या शेजारी येऊन उभी राहिली.

शेंडा रस्त्यावर उतरला तेव्हा तो केवढा प्रचंड होता ते कळलं. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा झाला. दोघी खाली गेल्या आणि सरळ त्या फांद्यांत शिरून बसल्या, लहानपणी पलंगाखाली बसायच्या तशा. लोक येऊन फुलांच्या डहाळ्या मोडून नेत होते. एका आजोबांनी काठी टेकवून मान वर केली आणि नव्याने उघड्या पडलेल्या पहिल्या मजल्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"कमाल आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं इथून जातोय. इथे दातांचा दवाखाना आहे?"

पानांच्या आतून दोन म्हाताऱ्या एकदम फिसकन हसल्या. आजोबा दचकून मागे सरले आणि फांद्यांकडे पाहत राहिले.