मोरांची भिंत

सेत्तीमियाबाई दात काढून घेऊन परतल्या तेव्हा त्यांचा अर्धा जबडा बधिर होता. इटलीतल्या लुक्का गावाजवळच्या टेकड्यांमधल्या त्या जुन्या व्हिलाची देखरेख त्या एकतीस वर्षं करत होत्या. मालकीणबाई परदेशात. सिनेमावाल्यांना घर द्यायचं की नाही, हेही त्यांनी सेत्तीमियाबाईंवरच सोपवलं होतं. छप्पर गळत होतं, दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून सेत्तीमियाबाईंनी होकार दिला होता.

मोठ्या दालनाच्या भिंतीवर कुणीतरी तीनशे वर्षांपूर्वी अख्खी बाग रंगवली होती. लिंबाची झाडं, कारंजं, दोन मोर. बाईंनी त्या चित्राला कधी ओलं फडकं लावलं नाही. धूळ झटकायची ती बदकाच्या पिसानं.

त्यांनी दार लोटलं आणि हातातली पिशवी गळून पडली. भिंत ओलीनं काळीठिक्कर पडली होती. रंगाचे पापुद्रे लोंबत होते. ना मोर, ना कारंजं. आणि सिनेमावाल्यांचा साठीचा रंगारी, दुईलिओ, शांतपणे आणखी एक डाग उठवत होता.

"मेल्या, काय करून ठेवलंस हे!" असं त्यांना ओरडायचं होतं. सुन्न ओठांतून नुसतेच बोबडे बोल निघाले.

"काय म्हणालात, बाई?"

बाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. मालकीणबाईंना आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

दुईलिओच्या लक्षात आलं. त्यानं ब्रश खाली ठेवला. "अहो, उठा. इकडे या तर खऱ्या."

तो त्यांना खिडकीपाशी घेऊन गेला. तिथे ती काळी भिंत संपत होती! लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड होतं ते. त्यानं कडेची फट दाखवून आत टॉर्च मारला. चार बोटांच्या अंतरावर मोराचा निळा पिसारा जसाच्या तसा होता.

"चौकट जमिनीवर उभी आहे. भिंतीत एक खिळा मारलेला नाही. माझे आजोबा चर्चमधली चित्रं दुरुस्त करायचे, बाई. मी असल्या भिंतीला रंग फासला असता, तर थडग्यातून उठून त्यांनी मला बडवलं असतं."

"मग आधी शांगायला काय झालं होतं?"

"सकाळी आलो होतो सांगायला. तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेलेल्या."

बाईंनी त्याच्या दंडावर एक चापट मारली, मग डोळे पुसले. जीव असा काही भांड्यात पडला की त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या मंडळींसाठी घेवड्याचं सूप चढवलं.

दुपारी शूटिंग सुरू झालं. ओल खाल्लेल्या त्या भिंतीला कपाळ टेकून नटी हुंदके देत होती. सगळे श्वास रोखून उभे. आणि बाईंना मागचे धडधाकट मोर आठवले. त्यांनी तोंडावर एप्रन दाबला, तरी हसू फुटलंच.

"कट! कोण हसलं?" दिग्दर्शक कडाडला.

"मी," दुईलिओनं हात वर केला. "माफ करा, साहेब."