मौनानंतरची धून

माजी पंतप्रधान वारले आणि देशात सात दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. हिंदी मुलखातल्या रिसाली गावातल्या माजी सैनिकांनी सातव्या दिवशी सकाळी मैदानावर श्रद्धांजली ठेवली. झेंडा अर्ध्यावर, एनसीसीच्या पोरींचं ‘शोक शस्त्र’, म्हणजे बंदुकीची नळी खाली आणि मान झुकलेली, सगळं ठरलं. बिगूल मात्र मोबाइलवरून स्पीकरवर लावू, असं अध्यक्ष देवानंद म्हणाले.

“मी जित्ता असून मोबाइल कावून?” आनंदराव उठून उभे राहिले.

फौजेत बावीस वर्षं त्यांनी बिगूल वाजवला होता. पण दात गेले आणि कवळी आली, तेव्हापासून नऊ वर्षांत त्याला ओठ लावला नव्हता. घरी येऊन पहिली फुंक मारली, तर कवळीच सटकली. बायको गिरजाबाई हसता हसता वेताच्या मोड्यावर बसल्या. शेजारचे धावत आले, “काकाजी, सिलेंडर लीक हो रहा क्या?”

मग नात करिष्मानं तोड काढली. ती स्वतः त्या शोक शस्त्राच्या रांगेत होती. “आबाजी, हथखोज चलो. वहाँ मशीन के आगे कौन सुनेगा?”

चार दिवस ती त्यांना स्कूटीवर नेत राहिली. हथखोजच्या एका नटबोल्टच्या कारखान्यामागे, प्रेस मशीनच्या धडधडाटात, आनंदराव कवळीला चिकटवायची पेस्ट लावून गाल फुगवत. तिसऱ्या दिवशी सूर असा खणखणीत निघाला, की जेवणाचा भोंगा समजून आतले कामगार डबे घेऊनच बाहेर आले. जेवणाची सुट्टी नव्हती हे कळल्यावरही कोणी आत जाईना. “बाबा, एक बार और!”

“पण तिथं कवळी पडली तं?” श्रद्धांजलीच्या आदल्या संध्याकाळी गिरजाबाईंनी विचारलं.

“पडली तं उचलीन. साऱ्यायच्या माना खालीच असतात.”

सकाळी थंडी होती. झेंडा आधी टोकापर्यंत चढला, मग सावकाश अर्ध्यावर आला. पोरींनी माना झुकवल्या. आनंदरावांनी लास्ट पोस्ट, फौजेतली निरोपाची धून, सुरू केली. वरच्या सुरावर आवाज जरासा थरथरला, पण तुटला नाही.

दोन मिनिटं मैदान गप्प होतं. लोकांना वाटलं, झालं. तेवढ्यात बिगूल पुन्हा वर गेला आणि झपझप चढणारी, सकाळी बराक जागी करणारी धून मैदानभर वाजली. झुकलेल्या माना एकदम ताठ झाल्या. वाजवताना आनंदरावांचे डोळे भरून आले होते.

“दुखवट्यात असं आनंदाचं कावून वाजवलं?” गिरजाबाईंनी हळूच विचारलं.

“पहिल्या धुनीनं त्यायले निरोप देला. ही आपल्यासाठी हाय. गेलेल्याले सलाम ठोकला की उठाचं आन् ड्यूटीवर जाचं, फौजेत असंच असते.”

देवानंद आले, हात धरून म्हणाले, “जय भीम, हवालदारसाहेब. छब्बीस जनवरीलेही तुम्हीच.”

“येतो ना. पण या पोरीयले बिगूल शिकवाले जागा पाहिजे.”

पुढच्या रविवारी हथखोजला पोरींच्या तीन स्कूट्या गेल्या. मागे बसून गिरजाबाईही, चहाचा थर्मास घेऊन.