काचेमागची टकळी

"माइक इकडे दे. हा माणूस मी घेतो," आबा म्हणाले आणि तिच्या कानांवरचा हेडफोन काढायला त्यांनी हात पुढे केलासुद्धा.

तिने मान मागे घेतली. काचेपलीकडे, खाली सभागृहात, एक उंच, जरासा वाकलेला माणूस कठड्याला धरून व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होता. कार्यक्रमपत्रिकेत 'बंद झालेल्या कारखान्यातील एक कामगार' एवढेच छापले होते. तो कामगार आपला दादा निघेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते.

"आबा, पाळी माझी आहे."

"पाळी गेली खड्ड्यात. घरच्या माणसाचं भाषांतर घरच्या माणसानं करू नये. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुला."

"पहिल्या दिवशी तुम्ही पुष्कळ काही सांगितलं होतं. त्यातलं निम्मं तुम्हीच पाळलं नाहीत."

आबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. ते तिचे या धंद्यातले गुरू आणि जोडीदार. दोन माणसे गुडघ्याला गुडघा लावून कशीबशी मावतील अशा या काचेच्या खोलीत दोघांनी आयुष्य काढले होते. अर्धा तास तिने बोलायचे, अर्धा तास त्यांनी. खाली कुणी परक्या भाषेत बोलला की त्याचे आपल्या भाषेत करायचे, आपला कुणी बोलला की परक्या भाषेत. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचे, हा या धंद्याचा पहिला नियम. त्या नियमाने ती कधी अर्थमंत्री झाली, कधी बँकेची गव्हर्नर, तर एकदा तेल विकणाऱ्या देशाचा राजाही. संध्याकाळी घरी आली की नवरा विचारायचा, "आज कोण होतीस?" आणि ती भांडी घासायला घेत सांगायची, "आज मी व्याजदर वाढवले."

जगाचे मोठमोठे विचार तिच्या घशातून गेले होते. आधी एक काळ होता तेव्हा सगळे म्हणायचे, जे लागेल ते आपल्याच देशात बनवा. मग वारे फिरले. ज्याला जे स्वस्तात जमते त्याने तेवढेच करावे, बाकीचे जगाच्या बाजारातून आणावे, असे मोठे विद्वान सांगू लागले, आणि तेही तिने तितक्याच आत्मविश्वासाने सांगितले. आता पुन्हा सगळे उलटे. लांबच्या देशांवर विसंबू नका, उद्या भांडण झाले तर ते आपला गळा धरतील, कारखाने घरी आणा. आजचे अधिवेशन त्याचसाठी होते. सकाळी एका प्राध्यापकाने पडद्यावर नकाशे दाखवून सांगितले की कारखाना बाहेर गेला की त्याच्यामागून कसबही जाते. पूर्वी याच प्राध्यापकाने याच व्यासपीठावरून बरोबर उलटे सांगितले होते. दोन्ही वेळा त्याचा आवाज तीच होती.

"आपण नळ," आबा म्हणायचे. "पाणी त्यांचं. गढूळ आलं तर नळानं लाजायचं नसतं."

पण एकदा नळाने स्वतःच्या पदरचे पाणी सोडले होते, आणि ते दादाच्या घरचे होते.

त्यांचे गाव म्हणजे सायकलचा कारखाना आणि त्याच्याभोवती जमलेली घरे. वडील चाकांच्या खात्यात होते, त्यांच्यामागून दादाही तिथेच लागला. नवे चाक स्टँडवर चढवायचे, गरगर फिरवायचे, कुठे डुलते ते बघायचे आणि एकेक आरा कसत, सैल करत त्याचा आउट काढायचा, म्हणजे ते सरळ फिरते करायचे, हे त्याचे काम. घरी यायचा तेव्हा बोटे काळीकुट्ट आणि तोंडावर हसू. धाकटी बहीण झोपेत सोडली तर सारखी बोलतच असायची, म्हणून त्याने तिचे नाव टकळी ठेवले होते. "तोंड असंही चालतंच आहे," तो आईला म्हणाला होता, "तर त्याचं काहीतरी होऊ दे. शिकू दे हिला भाषा." वडील गेल्यावर घर त्याच्या एकट्यावर आले, तरी तिचे शिक्षण त्याने थांबवले नाही. शहरात जाणाऱ्या गाडीत तिला बसवताना तो सारखा तिच्या बॅगेची चेन ओढून बघत होता, ती आधीच लागलेली असतानाही.

दादाचा एक ठेवणीतला विनोद होता. घरी पाहुणा आला की निघायचाच. "आमच्या कारखान्याची सायकल एका चोरानं पळवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर दारात परत. का म्हणून विचारा की!" पाहुण्याने विचारायच्या आत तोच सांगायचा, "वाटेत चढ आला ना!" त्यांच्या सायकली दणकट होत्या आणि तितक्याच जड, हे सगळ्या गावाला माहीत होते. आईला हा विनोद पाठ होता, तरी ती प्रत्येक वेळी पदराने डोळे पुसेपर्यंत हसायची.

मग कारखाना परदेशातल्या एका कंपनीने विकत घेतला. नव्या मालकाचे भाषण राजधानीतल्या मोठ्या सभागृहात ठेवले होते आणि रेडिओवरून थेट ऐकवले जाणार होते. साहेबाचे परके शब्द सभागृहासाठी आणि रेडिओसाठी आपल्या भाषेत आणायचे काम तिच्याकडे आले. कारखान्याबद्दल साहेब काय बोलणार ते कुणालाच ठाऊक नव्हते. तिलाही नाही.

साहेब आधी जगाच्या व्यापाराबद्दल बोलला, मग पैसा कुठे लावावा आणि कुठून काढावा यावर बोलला. आणि मध्येच त्याने एक विनोद सांगितला. त्यांच्याकडच्या कुठल्याशा खेळातला, त्या खेळातल्या एका जड चेंडूवरचा. तो खेळ इकडे कुणी पाहिलासुद्धा नव्हता. दुभाष्याचा जीव इथेच टांगणीला लागतो. बोलणारा हसून थांबलेला असतो आणि सभागृह ढिम्म. आबांची यावर शिकवण अशी, की विनोद भाषांतरात उतरत नसेल तर त्याच्या जागी दुसरा ठेवून द्यायचा. लोक हसले पाहिजेत, एवढेच.

विचार करायला सवड नव्हती. जड म्हटल्यावर तिच्या तोंडात सायकल आली, सायकलीमागून चोर आला. "वाटेत चढ आला ना!" तिने असे काही झोकात सांगितले की सभागृह खदखदून हसले. साहेब खूश झाला. आबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. त्याच भरात साहेब पुढे म्हणाला, आणि त्याच हसऱ्या आवाजात तीही म्हणून गेली, की म्हणूनच हा कारखाना आम्ही बंद करत आहोत.

गावात काय झाले ते तिला वहिनीकडून कळले. दुपारची सुट्टी होती. कँटीनमध्ये कर्णा लावला होता. तिचा आवाज ऐकताच दादा बाकावर चढून ओरडला होता, "गप्प बसा रे सगळे! माझी बहीण बोलतेय!"

त्यानंतर दादा तिच्याशी बोलेना. तिने फोन केला की वहिनी म्हणायची, "हे बाहेर गेलेत," आणि मागून त्याच्या खोकल्याचा आवाज यायचा. ती गावी गेली तर तो परसात जाऊन काहीतरी ठोकत बसायचा. एकदा तिने त्याला दारातच अडवले. "दादा, तुझा विनोद मी असा वापरायला नको होता. चुकलं माझं." तो म्हणाला, "बरी आहेस ना?" आणि चपला घालून निघून गेला. आई गेली, वहिनीचे केस पांढरे झाले, दोन्ही घरांतली मुले मोठी झाली, आणि दादा तेवढ्यावरच राहिला. आपण त्याचे हसणे चोरले, आणि या चोराला ते परत नेऊन ठेवता येत नाही, हे तिने मनाशी धरून ठेवले होते. आज तो तेच चारचौघांत बोलणार, आणि ते जगाला तिने सांगायचे. आबा हात पुढे करत होते ते उगीच नव्हे.

"त्याला जे म्हणायचंय ते मी नीट सांगेन, आबा," ती म्हणाली. "एवढं तरी त्याचं माझ्याकडून होऊ दे."

खाली दादाने बोलायला सुरुवात केली. नजर जमिनीकडे आणि बोलणे इतके भरभर, की जणू कुणी मागे लागले आहे. ती त्याच्या मागून धावत होती. चाकांचे खाते, स्टँड, आरे. अध्यक्षांनी त्याच्या बाहीला हात लावला. "जरा सावकाश बोला. मागे दुभाषी आहेत, त्यांना वेळ लागतो."

दादाने मान वर केली. दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येत होता, म्हणून कपाळावर हात आडवा धरून त्याने सभागृहाच्या मागच्या भिंतीवरची काच शोधली. मग हात खाली घेतला.

"चाक कसं सरळ करतात ते सांगणार होतो," तो म्हणाला. "ते राहू दे. इथलं बोलावणं आलं तेव्हा बायको म्हणाली, तिथं तीच असणार. म्हणून आलो."

आबांचे बोट माइक स्वतःकडे घेण्याच्या बटणाकडे गेले. तिने ते बाजूला सारले आणि परक्या भाषेत सांगितले, म्हणून मी आलो.

"कारखाना बंद होणार हे आम्हाला रेडिओवर कळलं. सांगणारा आवाज माझ्या बहिणीचा होता. त्याआधी तिनं एक विनोद सांगितला. तो माझा होता. कँटीनमध्ये सगळ्यांना तो पाठ, त्यामुळे कुणी हसलं नाही. मी हसलो. साहेबाच्या तोंडी माझा विनोद! बाकावर उभा राहून मोठमोठ्यानं हसलो. पुढचं वाक्य आलं आणि संपलं, तरी माझं हसू थांबेना."

तो थांबला. त्याला तिचे शब्द ऐकू येत नव्हते, पण काचेआडच्या दिव्यात तिचे ओठ हलताना दिसत होते. ते हलायचे थांबले तेव्हाच तो पुढे बोलला.

"सगळ्यांनी मला तसं बघितलं. शेजारच्या स्टँडवरचा माझा मित्र म्हणाला, तुला आधीच ठाऊक होतं. बहीण साहेबाकडे, तुला काय! मी शपथा घेतल्या. कुणी ऐकलं नाही. मग मी तिच्याशी बोलणं टाकलं. रागानं नाही. लोकांना दिसावं म्हणून."

पुन्हा तो थांबला. ओठ थांबेपर्यंत.

"मग लोक पोटामागं गाव सोडून गेले. मित्रही गेला. ज्यांना दाखवायचं ते कुणी उरलंच नाही. पण मला सवय लागली होती. आणि खरं सांगू? विनोद तिनं माझ्यापेक्षा चांगला सांगितला होता."

मित्रही गेला, इथवर ती आली. तिने टेबलावरचे खोकल्याचे बटण दाबले. ते दाबले की दुभाष्याचा आवाज बाहेर जात नाही. खाली परक्या पाहुण्यांच्या कानांतले बोलणे तुटले. ते यंत्रांवर बोटे आपटू लागले, एकमेकांकडे बघू लागले. आबांनी नळाबिळाचे काही एक न बोलता पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले, आभार मानले आणि पुढच्या वक्त्याला हाताने बोलावले. पुढचा वक्ता उठलाही.

दादा माइकपासून हलला नाही. त्याने अध्यक्षांसमोर तळहात धरला.

"थांबा जरा," तो म्हणाला. "तिचं अजून बोलून व्हायचंय."

अध्यक्ष थांबले. पुढचा वक्ता कागद हातात धरून अर्धवट उभा राहिला. दादा काचेकडे बघत होता, कसलीच घाई नसल्यासारखा. तिने पाण्याचा घोट घेतला, बटणावरचे बोट उचलले आणि त्याची राहिलेली वाक्ये शेवटपर्यंत सांगितली.