गरम इंजिन

नात झाली त्या वर्षी, बारशानंतरच्या रविवारी, गुणाजींनी मोठागावच्या बंदरावर एका जुन्या शिडाच्या होडीत उतरून इंजिनावर तळहात ठेवला आणि झटकन उचलला. इंजिन गरम होतं.

ते काठावर आले. फडक्याला हात पुसले.

"चला सुदेशराव. घरी जाऊ."

"बाबा, अजून चालूसुद्धा नाही केलं."

"आपल्याआधी केलंय कोणीतरी. यांना फोनवर सांगितलेलं ना, मी येईपर्यंत हात लावू नका? थंड इंजिन कसं उठतं त्यावर त्याचं खरं कळतं. गरम केलं की कुठलंही इंजिन शहाण्यासारखं वागतं."

मानपाड्याची कंपनी बंद पडून नोकरी गेल्यापासून जावयाच्या मनात खाडी होती. त्याच्या आजोबांनी दिवा गावाच्या बाजूला जाळी टाकलेली. वारा असेल तेव्हा शीड, नसेल तेव्हा इंजिन, असं त्याने ठरवलं होतं. शीड आणि फळ्या त्याने स्वतः तपासल्या होत्या. इंजिनातलं कळत नव्हतं, म्हणून खोपटच्या डेपोत जन्मभर एसटीची इंजिनं उघडलेला सासरा बरोबर आणला होता. हातात होतं ते सगळं, बायको प्राचीच्या पाटल्यांसकट, या एका होडीत जाणार होतं.

होडी विकणारी शेवंती तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"दादा, फसवायला नाय केलं चालू," ती म्हणाली. "तुमचा फोन माझ्या ध्यानात होता. पण यांनी सकाली डोळे उघडले नि कान लावून बसले. चहा पुढं केला तर तोंड फिरवलं."

बंदराला लागूनच तिचं घर होतं. खिडकीशी खाट होती आणि खाटेवर उशांना टेकून तिचे यजमान, शिवराम, बसलेले दिसत होते. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती.

"आजारी पडल्यापासून हेच चाललंय. मी खाली येते, हँडल मारते. आवाज कानावर पडला की मग घोट घेतात."

गुणाजींनी तिच्या हाताकडे पाहिलं. तळहातावर हँडलचा घट्टा पडला होता. तो एका दिवसात पडत नाही. ते होडीच्या काठावर बसले.

"थंड होईपर्यंत थांबतो. जेवायला घालाल का?"

"त्यात काय विचारायचं? वाकट्यांचं कालवण केलंय."

"बघा हां बाबा," सुदेश हळूच म्हणाला, "आता इंजिन कसंही निघालं तरी तुम्ही हो म्हणणार."

"वाकट्या वेगळ्या, इंजिन वेगळं," गुणाजी म्हणाले.

दुपार कलली तेव्हा त्यांनी पुन्हा हात ठेवून पाहिला. इंजिन गार होतं. तेलाची पट्टी ओढून बोटावर घेतली. तेल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नव्हतं. सुदेशने हँडल मारलं. पहिल्यांदा नुसता उसासा आला. दुसऱ्यांदा इंजिनाने धरलं. पांढरा धूर आला आणि विरला. बाजूच्या नळीतून इंजिन थंड ठेवणारं पाणी नीट पडू लागलं. सुदेशच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

तेवढ्यात खिडकीतून ठकठक ऐकू आली. शिवराम डाव्या हाताने चमचा गजावर आपटत होते.

"खूश झालेले दिसतात," गुणाजी म्हणाले.

"खूश कसले, तापलेत माझ्यावर." शेवंतीने कपाळाला हात लावला. "मागच्या सिलिंडरचा टॅपेट वाजतो, ते तुम्हाला आधी सांगायचं होतं. कालपासून मला खुणा करतायत. मी मेली जेवणाच्या गडबडीत विसरले."

गुणाजींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाशी धरली. आत, अगदी बारीक, ठक. ठक. त्यांच्या म्हाताऱ्या कानांनी तो आवाज सोडून दिला होता. डेपोत ड्रायव्हर गाडी लावून निमूट निघून जायचे, बिघाड गुणाजींनी शोधायचा. न विचारता सांगणारा माणूस त्यांना असा खाटेवर भेटला.

ते खिडकीपाशी गेले. गजातून हात घालून त्यांनी शिवरामांचा चमच्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

टॅपेट त्यांनी संध्याकाळच्या आतच कसून दिला. निघताना शेवंतीने प्राचीसाठी सुकी मासळी, मुशी, बांधून दिली. बाळंतिणीला दूध येतं म्हणाली.

"होडी घ्या, पण बांधायची इथंच," गुणाजी सुदेशला म्हणाले.

"म्हणजे मी रोज दिव्याहून इथं यायचं?"

"जुनं इंजिन आहे. ओळखीच्या जागी बरं चालतं."

डिझेलच्या इंजिनाला जागा कळत नाही, एवढं सुदेशलाही ठाऊक होतं. त्याने खिडकीकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हँडल मारलं आणि होडी न सोडता थोडा वेळ थांबला. ठकठक आली नाही. जरा वेळाने शेवंती रिकामा कप घेऊन दारात आली, तो तिने उंच धरून त्याला दाखवला. मग ते रोजचंच झालं.

शिवराम त्याच वर्षी फाल्गुनात वारले, सकाळी, इंजिन चालू असताना.